पाटकऱ्याचे वेतन

प्रस्तुत ग्रंथाचा विषय नावाने परका वाटेल, आणि ज्याने आयुष्यात संगणकाची एकही आज्ञावली लिहिलेली नाही त्या वाचकाला तो आपल्यासाठी नव्हे असा भासही होईल. तथापि मुक्तस्रोत आणि विकेंद्रित अशा प्रोटोकॉलांचा कारभार कोण चालवितो, त्या कारभाराला पैसा कोठून येतो, आणि ज्यांच्या हातून पैसा येतो त्यांचा शब्द तेथे कितपत चालतो, हे प्रश्न मुळात दप्तराचे आणि जमाखर्चाचे आहेत, आणि ज्या मुलखात पाटाच्या पाण्यावरून पिढ्यान्पिढ्या पंच बसले त्या मुलखातल्या माणसाला ते समजावून देण्यास फार मोठ्या पांडित्याची गरज पडू नये, अशी माझी श्रद्धा आहे.

प्रोटोकॉल म्हणजे एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन यंत्रांनी परस्परांशी कसे बोलावे याविषयीचा ठरलेला करार; नाशिकहून धाडलेले ई-पत्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उघडते ते या कराराच्या बळावर. त्या कराराबरहुकूम चालणाऱ्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचण्यास, नकलण्यास आणि सुधारण्यास मोकळा असला म्हणजे ती मुक्तस्रोत झाली. आणि नोंदवही कोणा एका कचेरीत न ठेवता तिच्या सारख्याच प्रती हजारो ठिकाणी ठेवल्या, जेणेकरून एका कचेरीला आग लागली किंवा एका कारभाऱ्याची नियत फिरली तरी दप्तर शाबूत राहावे, म्हणजे ती व्यवस्था विकेंद्रित झाली. व्याख्या एवढ्या पुरेत.

हे सारे आपल्यापासून दूर घडते असेही नाही. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात, जेथे माडिया गोंडांची वस्ती आहे, जातीच्या दाखल्यांची खातरजमा करता यावी म्हणून त्यांच्या नोंदी पॉलिगॉन या विकेंद्रित जाळ्यावर ठेवण्याचा उपक्रम प्रशासनाने हाती घेतला, आणि सुमारे ६५,००० दाखले या रीतीने देण्याचे योजिले. दाखल्यातील मजकुराचा गणिती रीतीने एक छोटा ठसा काढावयाचा आणि तो जाळ्यावर उमटवावयाचा. पुढे कोणी नावात किंवा जातीत एका अक्षराचा जरी फेर केला तरी ठसा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. योजना स्तुत्य होती. पण आजवर जो विश्वास तहसील कचेरीच्या मोहरेवर होता त्याचा काही अंश येथे एका प्रोटोकॉलच्या स्वाधीन झाला, आणि मोहर उठविणारा लिपिक शासनाच्या आस्थापनेवर असतो, त्याचा पगार कोषागारातून निघतो, त्याने कसूर केली तर चौकशी लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने साहजिकच विचारावे की, या नव्या मोहरेची राखण करणाऱ्याचा पगार कोणत्या कोषागारातून निघतो आणि त्याची चौकशी लावावयाची तर अर्ज कोणाकडे द्यावयाचा. हा ग्रंथ त्या प्रश्नासाठी लिहिला आहे.

आमच्या शहरात या प्रश्नाचा इतिहास जमिनीखाली दडलेला आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली आणि त्या दशकातच उत्तरेकडील डोंगराळ भागातले भूजल उताराच्या जोरावर भुयारी मार्गाने शहरात आणले, तीच नहर-ए-अंबरी. पुढे निजामशाही बुडाली, मोगल आले, त्यांच्यामागून आसफजाही आली, खडकीचे फतेहनगर झाले आणि फतेहनगरचे औरंगाबाद, तेच आजचे संभाजीनगर. पण प्रत्येक सत्तेला पाणी लागतच होते, म्हणून प्रत्येक सत्तेने नहर राखली, मूळ नहरीच्या जोडीला नव्या नहरीही निघाल्या. राजाश्रयाचे हे सामर्थ्य होय. त्याची मर्यादा कळली ती विसाव्या शतकात, नळाचे पाणी आले तेव्हा. राज्यकर्त्यांची तहान दुसऱ्या वाटेने भागू लागली, त्याबरोबर नहरीची निगा राखण्याचे कारण संपले, आणि जी भुयारे शतकानुशतके वाहिली त्यांवर घरे उठली, पाये खणले गेले, झाडांची मुळे उतरली. आज जायकवाडीहून येणाऱ्या नळाच्या पाण्याची दिवसेंदिवस वाट पाहणाऱ्या या शहरात जुन्या नहरीचे जे थोडे पाणी अजून वाहते ते पाहून मन विषण्ण होते. नहर वाईट बांधली गेली नव्हती. तिची निगा ज्याच्या गरजेवर टांगलेली होती त्याची गरज सरली होती.

त्याच शहरात, खाम नदीच्या काठी, पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ही चक्की उभी राहिली. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून आणून, मनोऱ्यावर चढवून, खालच्या हौदात सोडताना त्याच्या जोरावर जाते फिरवावयाचे, आणि दर्ग्यात राहणारे फकीर, शिष्य आणि येणारे-जाणारे यांच्यासाठी पीठ दळावयाचे, अशी तिची रचना. येथे नहर राजाच्या कोठीला बांधलेली नव्हती. ती एका धर्मादाय कार्याला जोडलेली होती. वक्फाच्या मालमत्तेविषयी शास्त्र असे की, एकदा ती अर्पण झाली म्हणजे ती विकता येत नाही, वारसाहक्काने वाटता येत नाही, मुतवल्ली तिचा मालक नसून व्यवस्थापक असतो. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय पाणचक्कीच्या आवारातच आहे. मुतवल्ली चांगला निघेल की वाईट, हिशेब चोख राहील की नाही, हे प्रश्न कोणत्याही वक्फाला सुटलेले नाहीत आणि हे मंडळही त्यातून सुटलेले नाही. परंतु राजाची मर्जी आणि संस्थेचे आयुष्य यांची फारकत करण्याची ही युक्ती आहे, आणि इंटरनेटच्या धुरीणांनी नेमकी तीच, आपापल्या परीने, अवलंबिली आहे.

इंटरनेटचे बहुतेक मूलभूत करार ज्या मंडळींनी घडविले ती आयईटीएफ ही सभा १९८६ साली प्रथम भरली. तिला सभासदत्वाची नोंदवही नाही आणि मतदान नाही. एखाद्या प्रश्नावर सभेचा कल पाहावयाचा असेल तर अध्यक्ष प्रथम एका पक्षाच्या लोकांना आणि मग दुसऱ्या पक्षाच्या लोकांना तोंड मिटून गुणगुणावयास सांगतो, आणि खोलीत कोणता गुंजारव अधिक भरला यावरून अदमास घेतो. ज्याने हे प्रथमच ऐकले त्याला पोरकटपणा वाटेल. पण त्यात खोल विचार आहे. हात वर केले म्हणजे डोकी मोजली जातात, आणि डोकी मोजली जाऊ लागली म्हणजे ज्या धनिक कंपनीला परवडेल ती आपल्या नोकरांनी खोली भरून टाकील. गुणगुणणाऱ्याचे नाव नोंदले जात नाही, त्याच्या मालकाला तो कोणत्या बाजूचा हे सहजी कळत नाही, आणि शिवाय हा गुंजारव अंतिम निकाल नसून चर्चेचा आरंभ मानला जातो. थोड्या लोकांचा जरी आक्षेप असला, पण तो सयुक्तिक असला, तर त्याचे निराकरण झाल्याखेरीज ठराव पुढे सरकत नाही. आमच्या गावकीतल्या पंचांना हे तत्त्व अगदीच अपरिचित वाटले नसते.

या सभेचा खर्च उपस्थितांच्या फीतून, पुरस्कर्त्यांच्या देणग्यांतून आणि इंटरनेट सोसायटी या १९९२ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या साह्यातून चालतो. त्या संस्थेला मोठे उत्पन्न मिळते ते 'ऑर्ग' या शेपटाच्या संकेतस्थळ-नावांच्या नोंदणीफीतून. म्हणजे हे उत्पन्न इनामगावाच्या वसुलासारखे आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात सोसायटीने ही नोंदणी सांभाळणारी संस्था ११३ कोटी ५० लक्ष डॉलरांना एका खाजगी भांडवलदार कंपनीस विकण्याचे जाहीर केले, आणि जगभरच्या धर्मादाय संस्था, ज्यांची नावे त्या शेपटाखाली होती, खडबडून जाग्या झाल्या. अखेर ३० एप्रिल २०२० रोजी नावांचा सर्वोच्च कारभार पाहणाऱ्या आयकॅनने संमती नाकारली आणि व्यवहार मोडला. मुतवल्ली वक्फ विकावयास निघाला असता शास्त्र त्याला प्रारंभीच अडविते. येथे विक्रीच मना करणारे शास्त्र आधी लिहिलेले नव्हते, ऐनवेळी गलका झाला म्हणून निभावले. निधी उभारण्यापूर्वी तो कधीही विकता येणार नाही अशी तरतूद करणे किती आवश्यक असते, हे यावरून समजावे.

आता मी ज्या व्यवस्थेविषयी अधिक विस्ताराने लिहिणार आहे ती संभाजीनगरची नव्हे, खानदेश-बागलाणची आहे. परंतु आमच्याच शहरातील वाल्मी, म्हणजे १९८० साली स्थापन झालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था, पाण्याच्या सामुदायिक कारभाराचा विचार महाराष्ट्राला शिकवीत आली आहे, आणि त्या विचाराच्या मुळाशी जी जुनी उदाहरणे आहेत त्यांत फड पद्धतीचे स्थान पहिले आहे. पांझरा, मोसम, आराम, गिरणा या नद्यांवर कित्येक शतकांपासून लहान-लहान दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असते, एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यावयाचे, पुढील साली फडाफडांतून पिकाची पाळी फिरवावयाची. पाऊस कसा झाला हे पाहून यंदा किती फड भिजतील हे पंच ठरवितात. शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाहून अधिक फडांत विखुरलेली असते, आणि या विखुरण्यात मोठे शहाणपण आहे. कारण एका फडावर अन्याय करावा तर तेथेही आपलाच तुकडा असतो.

पण या पद्धतीचे खरे मर्म तिच्या नोकरवर्गात आहे. शेतकरी स्वतः पाणी घेत नाही. पाटातून फडात पाणी सोडण्यास पाटकरी असतो, वाफ्यापर्यंत ते नेण्यास बारेकरी, उभ्या पिकाची राखण करण्यास जागल्या, आणि या सर्वांवर देखरेख करण्यास हवालदार. रात्री-बेरात्री कंदील आणि फावडे घेऊन दारे धरणारा तो माणूस कोणा एका जमीनदाराचा नोकर नसतो. त्याचे वेतन सर्व फडकऱ्यांकडून, ज्याच्या-त्याच्या जमिनीच्या प्रमाणात, पूर्वी धान्याच्या रूपाने, येई. त्यामुळे त्याला कोणा एकाचे शेत आधी भिजविण्याचा मोह पडण्यास जागा थोडी, आणि कोणी एकाने त्याला धमकावून उपयोग नाही. हंगामापूर्वी पाटातला गाळ काढावयाचा तर प्रत्येकाने जमिनीच्या प्रमाणात श्रम द्यावयाचे, न येणाऱ्याने त्याचा मोबदला भरावयाचा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने स्पेन, फिलिपाइन्स येथील पाटांचा आणि जगभरच्या इतर सामायिक संपत्तींचा अभ्यास करून १९९० च्या आपल्या ग्रंथात जे सिद्धान्त मांडले, आणि ज्यांसाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यांतील एक सिद्धान्त असा की, राखणदार हे वापरणाऱ्यांनाच जबाबदार असावेत. पांझरेच्या काठचा पाटकरी त्या सिद्धान्ताचे चालते-बोलते रूप होता.

फड पद्धतीचा मी येथे गौरव करीत असलो तरी तिला सुवर्णयुग ठरविण्याचा माझा हेतू नाही. पंच कोण होत आणि पाटकरी कोण होत, कोणाच्या वाट्याला निर्णय येई आणि कोणाच्या वाट्याला रात्रीचे जागरण, याचा जातीशी संबंध होता, आणि ज्याला जमीनच नव्हती त्याला पाण्यात वाटाही नव्हता. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याला स्वतःचे पाणी लाभले त्याला फडाची शिस्त जाच वाटू लागली, आणि पुष्कळ फड मोडले. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना जो अधिकृत दर्जा दिला तो या मोडलेल्या गोष्टीचा काही भाग पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न होय.

पाणी आणि आज्ञावली यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो विसरून चालणार नाही. पाणी एकाने घेतले की दुसऱ्याला कमी पडते. आज्ञावली लाखांनी वापरली तरी ती आटत नाही. यावरून अनेक विद्वानांनी असा समज करून घेतला की, तिला कारभाराची वा पट्टीची जरूरच नाही. आटणारी वस्तू निराळीच आहे: आज्ञावली राखणाऱ्याचे लक्ष, त्याची झोप, त्याचे आयुष्य. २०१४ च्या एप्रिलात ओपनएसएसएल या आज्ञावलीतील 'हार्टब्लीड' नामक भगदाड उघडकीस आले, तेव्हा जगाला कळले की, ज्या कुलपाने बँका, शासने आणि दुकाने आपली दारे लावीत होती त्याची निगा मूठभर माणसे राखीत होती, त्यांपैकी पूर्ण वेळ देणारा जवळजवळ एकटाच होता, आणि संस्थेला देणग्या मिळत त्या सालीना सुमारे दोन हजार डॉलरांच्या. धनिक कंपन्यांनी त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या विद्यमाने निधी उभारला, तो स्तुत्यच. पण धरण फुटल्यावर गोळा केलेली ती वर्गणी होती.

दहा वर्षांनी जे घडले ते याहून अधिक विचार करावयास लावणारे आहे. एक्सझेड ही विदा संकोचून लहान करणारी आज्ञावली, जी लिनक्सच्या असंख्य यंत्रांत असते, एक गृहस्थ अनेक वर्षे विनावेतन सांभाळीत होते. ते थकले होते, तसे त्यांनी लिहूनही ठेविले होते. तेवढ्यात एक मदतनीस पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने मन लावून काम केले, विश्वास संपादिला, किल्ल्या हाती घेतल्या, आणि मग आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसविला. २०२४ च्या मार्चअखेर आन्द्रेस फ्रॉयंड या अभियंत्याला यंत्रात प्रवेश मिळण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, त्याने तो माग काढला, आणि अनर्थ टळला. त्या मदतनिसाचे खरे नाव-गाव उघड झालेले नाही. मला या कथेत भेद घेणाऱ्याच्या चातुर्याहून राखणाऱ्याची एकाकी स्थिती अधिक बोचते. दारे धरणाऱ्याला गावाने धान्य घातले नाही, म्हणून अंधारात जो कोणी फावडे घेऊन आला त्याला त्याने आपला सोबती मानले. त्याला दोष देण्याचा अधिकार पाणी पिणाऱ्यांपैकी कोणालाही नाही.

पट्टी मुळातच करारात गुंफावी, कोणाच्या औदार्यावर राहू नये, हा विचार ज्यांनी प्रत्यक्षात आणला त्यांत बिटकॉइनचे स्थान अर्थातच पहिले. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आराखड्यात नोंदवहीची पाने जोडणाऱ्याला नवी नाणी आणि व्यवहाराची फी मिळते. ही नाणी ठराविक अंतराने निम्म्याने घटत जातात, आणि २०२४ पासून दर पानामागे ३.१२५ नाणी मिळतात. पण लक्षात घ्यावे की, हे वेतन पान जोडणाऱ्याचे आहे. करारनाम्याची कलमे राखणाऱ्या आज्ञावलीकारांना प्रोटोकॉल एक कवडीही देत नाही. २०१२ साली त्यांच्यासाठी एक फाउंडेशन निघाले, २०१५ पर्यंत त्याची तिजोरी रिती झाली, आणि काही प्रमुख आज्ञावलीकारांना एमआयटी विद्यापीठाने आश्रय दिला. त्याच सुमारास नोंदवहीचे पान मोठे करावे की नाही यावर जो कलह झाला तो या ग्रंथाचे एक संपूर्ण प्रकरण व्यापतो. मोठ्या कंपन्या आणि पाने जोडणारे बलाढ्य कारखानदार एका बाजूला होते. आपापल्या घरी नोंदवहीची प्रत ठेवणारे सामान्य लोक दुसऱ्या बाजूला होते, आणि पान मोठे झाले तर ती प्रत घरी ठेवणे आपल्या आवाक्याबाहेर जाईल ही त्यांची भीती होती. १ ऑगस्ट २०१७ पासून आम्ही अमुक नियम न पाळणारे पान स्वीकारणारच नाही, असे त्यांनी जाहीर केले, आणि अखेर कारखानदार नमले. ज्यांना पटले नाही ते त्याच दिवशी निराळे नाणे काढून वेगळे झाले.

वेगळे होण्याची ही मुभा पाटाच्या पाण्याला नाही. भाऊबंदकीत वाटणी झाली तर नदीची दुसरी प्रत काढून देता येत नाही. प्रोटोकॉलची काढता येते. २०१६ साली इथेरियम या दुसऱ्या विकेंद्रित जाळ्यावरील 'द डाओ' या सामायिक निधीतून कोणी तरी नियमांतील फटीचा लाभ घेऊन ३६ लक्ष इथर पळविले, तेव्हा बहुसंख्यांनी २० जुलैला नोंदवहीच दुरुस्त करून ते परत घेतले. आणि एकदा लिहिलेले पान कोणत्याही कारणाने फिरवू नये असे मानणारे अल्पसंख्य जुन्या वहीवरच राहिले, त्यांचे जाळे इथेरियम क्लासिक या नावाने वेगळे चालू राहिले. अल्पमताला घर सोडून जाता येते, तेही सर्व भांड्याकुंड्यांसह, ही या व्यवस्थांची फार मोठी देणगी आहे असे माझे मत आहे. त्याच इथेरियमने २०२१ पासून व्यवहाराच्या फीचा मूळ भाग कोणालाही न देता नष्ट करण्याची रीत स्वीकारली. त्यामुळे ती पट्टी हाती धरून कोणी सत्ताधीश होऊ शकत नाही हे खरे, परंतु पाटकऱ्याचे पोटही त्या पट्टीतून भरत नाही, ते फाउंडेशनच्या जुन्या साठ्यावर आणि देणग्यांवर राहते.

एटापल्लीच्या दाखल्यांचा ठसा ज्या पॉलिगॉनवर उमटविण्याचे योजिले त्याचा आरंभ २०१७ साली मॅटिक या नावाने भारतात जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी केला. त्याच्या चाचणी-जाळ्याचे नाव तर 'मुंबई' असेच होते. सप्टेंबर २०२४ पासून तेथे पोल हे नवे नाणे आले, आणि दरसाल २ टक्के नवी नाणी काढून त्यांतील निम्मी राखणदारांना व निम्मी सामायिक खजिन्यात घालावी असे ठरले. महत्त्वाच्या तांत्रिक बदलांवर तेरा जणांचे एक मंडळ नजर ठेवते. खजिन्याची ही तरतूद मला फडाच्या जवळची वाटते, कारण जो वापरतो आणि जो नाणे बाळगतो त्याच्याकडून ती आपोआप वसूल होते. उणीव आहे ती आसनांची. माडिया विद्यार्थ्याच्या दाखल्याचा विश्वास ज्या जाळ्यावर ठेवला गेला त्या जाळ्याच्या मंडळात त्याच्या वतीने बोलणारा कोणी नाही, आणि ज्या शासनाने तो दाखला तेथे नेला त्याने तसे आसन मागितल्याचे दिसत नाही. मुंबई नावाचे ते चाचणी-जाळे २०२४ मध्ये बंद पडले त्याचे कारणही बोधप्रद आहे: ते ज्या गोर्ली जाळ्यावर टेकलेले होते ते बंद करण्याचा निर्णय इथेरियमच्या मंडळींनी घेतला होता. नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी केव्हा सुटेल याकडे डोळे लावून बसणाऱ्या जायकवाडीखालच्या लोकांना वरच्या अंगाचा अधिकार म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

नाण्याच्या वजनाने मत मोजण्याची जी पद्धत अनेक प्रोटोकॉलांनी स्वीकारली तिच्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. १७ एप्रिल २०२२ रोजी बीनस्टॉक नामक व्यवस्थेत एकाने एकाच व्यवहारात अफाट रक्कम कर्जाऊ घेतली, तिच्या बळावर बहुमत मिळविले, खजिना आपल्याकडे वळविणारा ठराव स्वतःच मंजूर केला आणि कर्ज फेडून तो चालता झाला. सुमारे १८ कोटी २० लक्ष डॉलरांचे नुकसान झाले. नियमांचा भंग कोठेच झाला नव्हता. फडात पट्टी जमिनीच्या प्रमाणात द्यावयाची होती, पण ज्याची जमीन दुप्पट त्याने पंचायतीत दुप्पट बोलावे असा संकेत नव्हता, आणि कोणी एका रात्रीपुरती शेजारगावची जमीन गहाण घेऊन पंच होऊ शकत नव्हता. भार प्रमाणात आणि शब्द बरोबरीने, ही जी सांगड आमच्या जुन्या गावकऱ्यांनी घातली, ती गणिताच्या साह्याने पुन्हा घालण्याचा प्रयत्न विटालिक ब्युटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वेल यांनी २०१८ च्या निबंधात केला आहे. त्यांच्या सूत्राप्रमाणे शंभर जणांनी एकेक रुपया दिला तर सामायिक निधीने त्या कार्याला दहा हजारांच्या योग्यतेचे मानावे, आणि एकट्याने शंभर दिले तर शंभराच्याच. गिटकॉइन या संस्थेने या रीतीने मुक्तस्रोत कार्याला पुष्कळ द्रव्य वाटलेही. तिच्यातील धोका ज्याने रोजगार हमीच्या कामावरचा हजेरीपट पाहिला आहे तो ताबडतोब ओळखील: एकच माणूस शंभर नावांनी हजर राहील. माणूस एकच आहे हे ओळखण्याची खात्रीची आणि तरीही त्याची खाजगी माहिती न मागणारी रीत अद्याप सापडावयाची आहे, आणि माझ्या मते पुढील दहा वर्षांतील संशोधनाचे हेच खरे क्षेत्र आहे.

मराठी वाचकाचा या साऱ्याशी दुसराही संबंध आहे. देवनागरी अक्षरांना संगणकात जे क्रमांक आहेत ते युनिकोड कन्सॉर्शियम ठरविते, आणि तेथे पूर्ण मताधिकार वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांना असतो. मोडी लिपीला २०१४ साली तेथे स्थान मिळाले ते आमच्या कोणत्याही विद्यापीठाने वा साहित्यसंस्थेने वर्गणी भरल्यामुळे नव्हे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेली लोहित अक्षरे रेड हॅट कंपनीने घेऊन २००४ साली सर्वांना खुली केली, आणि लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या कित्येकांनी आयुष्यातले पहिले मराठी वाक्य त्याच अक्षरांत वाचले. हा राजाश्रय होता, कंपनी हा त्याचा राजा होता. भारतात झेरोधा या कंपनीने २०२४ साली मुक्तस्रोत कार्यासाठी दरसाल दहा लक्ष डॉलरांचा निधी जाहीर केला, तोही त्याच जातीचा. त्याबद्दल कृतज्ञ राहून मी एवढेच म्हणतो की, नहर-ए-अंबरीचा इतिहास आपल्यासमोर आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि ती ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात आकड्यांनिशी मांडली आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठे, सहकारी बँका, जिल्हा परिषदा आणि वृत्तपत्रे, ज्यांच्यापैकी एकाचेही दप्तर आज मुक्तस्रोत आज्ञावलीवाचून एक दिवस चालणार नाही, त्यांनी आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात 'संगणकाची देखरेख' या सदराखाली एक लहानशी, पण दरसाल न चुकता भरावयाची पट्टी घालावी. ती एका अविक्रेय निधीत जमा व्हावी. निधीच्या मंडळात निम्मी आसने वर्गणीदारांची आणि निम्मी प्रत्यक्ष आज्ञावली राखणाऱ्यांची असावीत. वर्गणी कितीही मोठी असली तरी एका संस्थेला एकच मत असावे. आणि जमाखर्च दर तिमाहीला मराठीत प्रसिद्ध व्हावा. या मंडळाने पहिल्या साली प्रथम एक काम करावे: मराठी टंकलेखन, शब्दतपासणी आणि अक्षरे यांच्या ज्या मुक्तस्रोत आज्ञावल्या आज चालू आहेत त्या कोण राखतो, त्याला किती वेळ लागतो, त्याला कोण काय देते, याची यादी करावी. ज्यांची नावे त्या यादीत येतील त्यांना पहिल्या तिमाहीचे वेतन त्याच सालात पोचते करावे.